कोरा फळा घेऊन इंदूरला

इंदूरला जायचं ठरलं ते एका अंतर्देशीय पत्रामुळे. पत्र माझ्या मामेभावाचं, अवीदादाचं. दादाचं अक्षर असं सुरेख, की आमचा पोस्टमनसुद्धा दारात थांबून आधी पत्ता बघत राहायचा आणि मग पत्र हातात द्यायचा. मजकूर थोडकाच होता.

"सुमे, गणपतीत तुझ्याकडे आलो होतो तेव्हा तू ऑफिसातल्या त्या बिनअजेंड्याच्या बैठकीचं सांगितलं होतंस. तसं इथे आमच्या मिलवाल्यांसाठी एकदा करून बघू. छत्रीबागेतल्या एका शाळेचं आवार रविवारी मिळून राहिलंय. तू ये. मी एकट्याने बोलावलं तर लोक येणार नाहीत."

शेवटचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. दादा इंदूरच्या एका कापड गिरणीत टाइम ऑफिसमध्ये, म्हणजे हजेरीच्या खात्यात, कारकून होता. गिरणी बंद पडून वर्ष उलटून गेलं होतं. ही नव्वदच्या दशकाच्या मधली गोष्ट. पुण्यात दुकानांतून परदेशी चॉकलेटं दिसायला लागली होती, पेपरात रोज खुल्या अर्थव्यवस्थेचं कौतुक असायचं, आणि तिकडे इंदुरात एकेका गिरणीचा भोंगा गप्प होत चालला होता.

मी तेव्हा शिक्षकांच्या प्रशिक्षणाचं काम करणाऱ्या एका संस्थेत होते. माझं काम बैठका भरवायचं. भाषणं, सत्कार, आभार आणि मधे जांभया, हे सगळं सांभाळून कंटाळल्यावर आम्ही एक नवी तऱ्हा सुरू केली होती. कार्यक्रमपत्रिका आधी ठरवायचीच नाही. सकाळी एक कोरा फळा उभा करायचा. ज्याला काही शिकवायचंय किंवा काही विचारायचंय, त्याने उठून आपलं नाव, विषय आणि जागा लिहायची. ज्याला जिथे जावंसं वाटेल तिथे त्याने जावं, आणि आपल्याला तिथे काही मिळत नाही असं वाटलं तर न लाजता उठून दुसरीकडे जावं. अध्यक्ष नाही, प्रमुख पाहुणा नाही. आमच्याकडे हे फार छान जमलं होतं आणि त्यामुळे मी थोडी चढून गेले होते, हेही सांगून टाकते.

पिशवीत एक पत्रही होतं. माझ्या दिरांच्या ओळखीने पुण्यातल्या एका गोदामात स्टोअरकीपरची जागा दादासाठी धरून ठेवलेली होती. पहिल्या तारखेपर्यंत होकार द्यायचा होता. म्हणजे मी दोन कामं घेऊन निघाले होते. एक, बैठक घ्यायची. दोन, भावाला बिऱ्हाडासकट उचलून पुण्याला आणायचं. दुसरं काम मला जास्त महत्त्वाचं वाटत होतं.

त्या वेळी पुण्याहून इंदूर म्हणजे बसचा प्रवास. दुपारी निघालं की नगर, मनमाड, मालेगाव करत धुळ्याला जेवायला थांबायचं. शेवभाजी आणि भाकरी, तिखट असं की पुढचा तासभर कोणी कोणाशी बोलत नाही. सेंधव्याच्या अलीकडे बिजासनचा घाट लागतो. तिथे ड्रायव्हर गाडी हळू करून देवीला हात जोडतो आणि झोपलेली माणसंही बरोबर त्या क्षणाला जागी होतात. उजाडताना खलघाटला नर्मदेचा पूल आला. खिडक्या भराभर उघडल्या आणि सगळ्यांनी नाणी टाकली. माझं नाणं पुलाच्या कठड्यावर आपटलं. शेजारच्या आजोबांनी मला अगदी समजुतीने सांगितलं, "चल जाएगा बेटा, नीयत पहुँच गई." आता हा रस्ता रुंद झालाय आणि झोपून जायच्या बस आहेत, पण तुम्ही जाल तेव्हा नर्मदेपाशी जागे राहा एवढं सांगते.

सरवटे स्टँडवर दादा घ्यायला आला होता. स्वेटर, मफलर, आणि दाढी व्यवस्थित केलेली. बंद गिरणीतला माणूस म्हणून मी मनात जे चित्र रंगवलं होतं त्यात तो कुठे बसत नव्हता. लांब नाकाच्या तीनचाकी टेम्पोतून, गुडघ्याला गुडघे लावून, आम्ही मल्हारगंजला आलो. खाली पोत्यांचं दुकान, वर दादाच्या दोन खोल्या. गल्ली इतकी अरुंद की समोरच्या घरातल्या रेडिओवरच्या बातम्या वहिनीने आपल्याकडे रेडिओ न लावता ऐकायच्या.

वहिनी शाळेचे गणवेश शिवायची. मशिनवर निळ्या कापडाचा ढीग होता. पोहे दादा खालून घेऊन आला. आपल्याकडच्यासारखे फोडणीला टाकून परतलेले नाहीत, उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर वाफेत ठेवलेले, वर शेव, जिरावन नावाचा मसाला, कांदा, आणि कागदात वेगळी जिलबी. मी जिलबी नंतर खायला बाजूला ठेवली तर दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

"बरोबर खायची असते ती," दादा म्हणाला. "एक घास याचा, एक त्याचा. पुणेकर कशाला वाट बघून राहिलेत काय माहीत."

दादा अंघोळीला गेल्यावर मी वहिनीला गोदामाचं सांगितलं. ती मशिन थांबवून ऐकत होती.

"तूच समजाव त्यांना," ती म्हणाली. "मी बोलून बोलून थकले. कुठे जात नाहीत, कोणाकडे बसत नाहीत. पहिले बघ, नाक्यावर मिलवाल्यांबरोबर चहा झाल्याशिवाय घरात पाय नाही ठेवायचे. आता त्या नाक्यावरून जात पण नाहीत."

याचा अर्थ मला त्याच दुपारी कळला. सांवेर रोडला जायचं होतं. तिथल्या छोट्या कारखानदारांपैकी काहींना दादाने रविवारचं निमंत्रण दिलं होतं. आम्ही टेम्पो पकडायला निघालो, तर सरळ रस्ता सोडून दादा एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत, तिथून एका देवळाच्या मागून, असा मला फिरवत निघाला. मी म्हटलं, "रस्ता चुकलास का?"

"नाही ग. तिकडून गेलं की नाका लागतो."

"मग?"

त्याने पावलं हळू केली. मग म्हणाला, "मिल बंद झाली त्या दिवशी फाटकावरच्या बोर्डावर नोटीस मी लिहिली होती. मॅनेजर म्हणाले, अक्षर चांगलं आहे, अविनाश बाबू लिहितील. मी लिहिली. रेघा मारून, व्यवस्थित. लोक वाचून राहिले होते न, तर मी तिथेच उभा, हातात खडू. त्यानंतर कोणी काही म्हटलं नाही मला. शिवी पण नाही दिली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं."

रविवारी लोक आले, चार शब्द बोलले, तर आपण याच गावात राहू शकू असं त्याने मनाशी ठरवलं होतं. नाही आले तर पुण्याचं बघू. हे त्याने स्वतः सांगितलं, मी गोदामाचं नाव काढायच्या आत. मी गोदामाचं पत्र पिशवीतच राहू दिलं.

मरीमाता चौकातून बाणगंगेवरून टेम्पो सांवेर रोडला लागतो. एका बाजूला जुनी, गप्प धुरांडी मागे पडतात आणि पुढे पत्र्याच्या शेडी सुरू होतात. पाइप, पिशव्या, पंपाचे सुटे भाग, औषधाच्या गोळ्या. प्रत्येक शेडीतून वेगळा आवाज आणि वेगळा वास. मला अशा जागी फार मजा येते, मी प्रत्येक फाटकातून डोकावत होते. राठीजी नावाच्या एका कारखानदाराच्या शेडीत आम्हाला चहा मिळाला. प्लास्टिकच्या विणलेल्या पोत्यांचा त्यांचा कारखाना. बाहेरून आणलेलं एक नवं कोरं यंत्र कोपऱ्यात कापड पांघरून उभं होतं.

"ये देखिए," राठीजी कापड उचलून म्हणाले. "मंगवा लिया. अब चलाए कौन? लड़के आते हैं, महीने भर में भाग जाते हैं. आपके सम्मेलन में मुख्य अतिथि कौन है?"

"कोणी नाही," मी म्हटलं.

"तो उद्घाटन?"

"तेही नाही."

राठीजींनी दादाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, "फिर तो आना पड़ेगा. देखें तो सही, होता क्या है."

रविवारी आम्ही शाळेत लवकर पोहोचलो. छत्रीबागेतल्या जुन्या गल्ल्या, पलीकडे खान नदी, आणि मधे हे शाळेचं आवार. चार वर्गखोल्या, एक व्हरांडा, अंगणात मोठा नीम. शिपायाने लाकडी घोड्यावरचा फळा बाहेर काढून दिला. तो कुठे ठेवायचा यावर मी फार विचार केला होता. आमच्या पुण्याच्या अनुभवावरून माझं ठाम मत होतं, की आत येणाऱ्याला पहिली गोष्ट दिसली पाहिजे ती कोरा फळा. म्हणून तो मी फाटकातच उभा करवला. दादाने ओल्या फडक्याने पुसून पुसून तो काळाकुळीत केला. खडूच्या कांड्या खालच्या पट्टीवर एका ओळीत मांडल्या. वहिनीने चहाची मोठी किटली आणली. आम्ही आत जाऊन बसलो.

नऊ वाजले. कोणी नाही. सव्वानऊला राठीजी स्कूटरवरून आले, फळ्याकडे बघून आत आले आणि वर्गातल्या छोट्या बाकावर गुडघे दुमडून बसले. साडेनऊ झाले. दादाने घड्याळ बघायचं सोडून दिलं. तो चहाची भांडी सारखी पुसत होता, पुसलेली पुन्हा पुसत होता. त्याच्याकडे बघवेना म्हणून मी बाहेर पडले.

गल्लीच्या तोंडाशी पोह्यांची गाडी होती. तिथे ही गर्दी. चाळीसएक माणसं, काही बाया, सगळे धुतलेल्या कपड्यांत, काहींच्या हातात कागदाच्या पुड्या. खाऊन होत आलं होतं आणि मंडळी पांगायच्या बेतात होती. मी गाडीवाल्याला विचारलं, "भैया, आज इतकी गर्दी?"

"मिल वाले हैं दीदी. स्कूल में कोई मीटिंग थी, कैंसल हो गई."

मी उडालेच. "कोणी सांगितलं?"

पोहे खात असलेला एक उंच माणूस वळला. चाळिशीचा, कानाला मफलर. त्याचं नाव जगन्नाथ मोरे, सगळे इंदुरी पद्धतीने भैयाचं भिया करून जगन भिया म्हणायचे, हे नंतर कळलं. "मीच सांगितलं ताई. मी जाऊन बघून आलो न. बोर्ड कोरा आहे."

"कोराच आहे. तो कोराच ठेवलाय."

"हां तर. तेच बोलून राहिलो." माझ्या चेहऱ्यावरून त्याला कळलं असावं, कारण त्याने पुडी खाली ठेवली आणि मला नीट समजावून सांगितलं. "तुम्ही बाहेरच्या आहात. ऐसा है, मिलच्या फाटकावर असाच बोर्ड असायचा. मी बदलीवाला. म्हणजे पक्का नाही, कोणी गैरहजर असला तर त्याच्या जागी. रोज सकाळी फाटकावर यायचं, बोर्डावर नाव लागलं असलं तर आत, नसलं तर घरी. आणि बोर्ड कोरा असला म्हणजे आज कोणाचीच गरज नाही. इतकी वर्षं हेच केलं. कोरा बोर्ड दिसला की पाय आपोआप फिरतात, सोचना नहीं पड़ता."

इतक्या लांबून येऊन, मोकळेपणाचं निमंत्रण म्हणून, मी या माणसांच्या समोर तीच पाटी उभी केली होती जी बघून ते वर्षानुवर्षं घरी परतत होते. आणि मीच नव्हे. दादाने ती पुसली होती.

"कार्यक्रम आहे," मी म्हटलं. "तुम्ही सगळे या. मी आधी जाऊन सांगते."

पळतच आत आले आणि दादाला सांगितलं. तो ऐकत होता तसा हळूहळू व्हरांड्याच्या पायरीवर बसला.

"मला कसं नाही सुचलं," तो म्हणाला. "मी रोज सकाळी बोर्ड पुसायचो, सुमे. माझ्यासाठी कोरा म्हणजे आता लिहायचंय. मी नेहमी खडूच्या बाजूला होतो न. तिकडून तो कसा दिसतो ते मी कधी पाहिलंच नाही."

मंडळी फाटकाबाहेर येऊन थांबली होती. आत कोणी येत नव्हतं. जुनी सवय असावी, फाटकापासून चार पावलं लांब, अर्धगोल करून उभी. दादा उठला, फाटकाशी गेला आणि सवयीने खडू उचलला. सगळ्यांच्या नजरा त्याच्या हाताकडे गेल्या. वर्षभराने पहिल्यांदा ते त्याला खडू हातात घेऊन बोर्डापाशी बघत होते. मला वाटलं, आता संपलं सगळं.

दादा फळ्याकडे वळलाच नाही. त्याने खडू पुढे केला. "जगन, आज तू लिही."

"मी?" जगन भियाने मागे बघितलं. "माझी राइटिंग तर…"

"राहू दे तुझी राइटिंग. तुझं नाव लिही. काय येतं ते लिही."

जगन भियाने हात पँटला पुसला. मग खडू घेतला आणि मोठ्या, तिरक्या अक्षरांत लिहिलं, जगन्नाथ मोरे. लिहून दोन पावलं मागे आला आणि ते वाचलं. सगळ्यांकडे बघून हसला आणि म्हणाला, "आलं नाव."

आणि फाटकातून आत गेला.

मागून हसण्याचा मोठा आवाज झाला आणि मग खडूसाठी अशी झुंबड उडाली की शिपाई घाबरून बघायला आला. विषय लिहायचा राहिलाच म्हणून जगन भियाला परत बोलवावं लागलं. त्याने लिहिलं, 'मोटार जळायच्या आधी आवाज कसा बदलतो, नीमाखाली'. बदलीवाला असल्यामुळे त्याला कधी या खात्यात तर कधी त्या खात्यात उभं करायचे, त्यामुळे गिरणीतल्या सगळ्या यंत्रांचे आवाज त्याला पाठ होते. सूत गुंडाळायच्या खात्यातल्या एका बाईंनी प्रश्न लिहिला, 'शिवणयंत्राला मोटार बसवायची, कोण दाखवेल?' ते वाचून आमची वहिनी किटली माझ्या हातात देऊन तिकडे गेली ती गेलीच. राठीजींनी सगळ्यात शेवटी, टाय सरळ करून, लिहिलं: 'कारीगर टिकते क्यों नहीं? कमरा नंबर 2.'

असं काही तुम्ही कधी भरवणार असाल तर एक सांगते, आवडलं नाही तर उठून जा हा नियम इंदुरात जसाच्या तसा चालत नाही. कोणी बोलत असताना उठून जाणं म्हणजे त्याचा अपमान. पण माणसांनी अर्ध्या तासात स्वतःचा तोडगा काढला. "अभी आया भिया, चाय लेके," म्हणायचं आणि उठायचं. बोलणाऱ्यालाही समजतं, बाकीच्यांनाही समजतं, आणि कोणाचं मन दुखत नाही. त्या दिवशी चहासाठी म्हणून उठलेल्यांपैकी निम्म्यांनी चहा घेतलाच नसेल, ते नीमाखाली सापडायचे. मी पुण्याला आल्यावर हा नियम असाच लिहून काढला.

राठीजींच्या खोलीत मी थोडा वेळ बसले. त्यांनी पहिली दहा मिनिटं भाषण केलं आणि खोलीतली बरीच माणसं चहाला गेली. राठीजी चिडले, मग उरलेल्या पाचसहा जणांना म्हणाले, "अच्छा, आप ही बताइए." त्यांनी सांगितलं. शेडीत पाण्याचा माठ यंत्रापासून लांब आहे, पाणी प्यायला गेलं की मुकादम ओरडतो. नवं यंत्र कोणालाच नीट दाखवलेलं नाही आणि बिघडलं की दोष मुलांवर. गिरणीत कामगारांवर देखरेख करणारे एक म्हातारे जॉबर शांतपणे म्हणाले, "सेठजी, मशीन को पंद्रह दिन सिर्फ़ देखने दो. हाथ मत लगवाओ." राठीजींनी खिशातून डायरी काढून ते लिहून घेतलं. मला हसू आलं पण मी आवरलं.

दादा मात्र दिवसभर व्हरांड्यात चहा देत होता. लोक कप घेत होते, "बाबू, साखर कमी," इतकं बोलत होते, पण त्याच्यापाशी कोणी थांबत नव्हतं. मी त्याला म्हटलं, "तूही काही लिही ना फळ्यावर."

"मी काय लिहू? मला काय येतं? नावं लिहिता येतात. ती आता त्यांची ते लिहून राहिलेत."

दुपारी डबे उघडले. पुऱ्या, लोणचं, शेव तर प्रत्येक डब्यात. जेवणानंतर राठीजी आणि पंपाचे भाग करणारे आणखी एक गृहस्थ नीमाखाली जगन भियाशी बोलत होते. त्यांची अडचण अशी की प्रत्येक जण म्हणतो मला काम येतं, पण कोणाला कुठलं येतं ते समजायचं कसं? पक्क्या कामगारांकडे काहीतरी कागद तरी होते. बदलीवाल्यांकडे तेही नाहीत. ते कोणत्या यंत्रावर किती वर्षं उभे राहिले, याची नोंद बंद फाटकाच्या आत कुलपात होती.

जगन भियाने व्हरांड्यात चहा देणाऱ्या दादाकडे पाहिलं. मग तडक फाटकाशी गेला. फळा खचाखच भरला होता, तेव्हा त्याने बाहीने आपलंच सकाळचं नाव पुसलं आणि त्या जागी त्याच तिरक्या अक्षरांत लिहिलं: 'अविनाश बाबू. कोणाला काय येतं. व्हरांडा.'

मग तिथूनच हाक मारली, "बाबू, बोर्ड बघा."

दादा हातात किटली घेऊन आला. वाचलं. "हे कशाला, जगन?"

"तुम्हाला सगळ्यांचं माहीत आहे न. रोज तुम्हीच तर लिहायचे, कोण कुठे. सांगा, माझा तिकीट नंबर?"

दादाने त्याचा गिरणीतला हजेरीचा नंबर सांगितला. विचारही केला नाही. मग कोणी दुसऱ्याने विचारलं, माझा? तोही सांगितला. तिसऱ्याला म्हणाला, "तू तर आधी रंगखात्यात होतास, हात भाजला त्यानंतर तुला ताण्याच्या उभ्या धाग्यांवर दिला." त्या माणसाने नकळत आपला हात पुढे करून डाग बघितला.

वहिनीने शिपायाकडून शाळेच्या वहीचे कागद मागून आणले. दादा व्हरांड्यातल्या बाकावर बसला आणि त्याच्यासमोर रांग लागली. एकेक माणूस समोर बसायचा आणि दादा त्याला वाचून दाखवत लिहायचा. अमुक इतकी वर्षं या खात्यात, हे यंत्र चालवतो, तुटलेला धागा भराभर जोडतो, पट्टा बदलतो. हातात घेतलं की छापल्यासारखा कागद. ते कागद काही सरकारी दाखले नव्हते, त्यांच्यावर शिक्का नव्हता, हे दादाने प्रत्येकाला आधी सांगितलं. तरी माणसं ते घडी न घालता, दोन्ही हातांत धरून नेत होती. नाक्यावरच्या चहाचं आमंत्रण त्याला कोणी दिलं नाही. रांगेतल्या एकाने फक्त विचारलं, "बाबू, नाक्यावर येणं बंद का केलं तुम्ही? तुमचा कट चाय उधर ठंडा हो रहा है साल भर से." दादाने मान वर केली नाही. लिहीत राहिला, आणि मग हळूच म्हणाला, "येतो."

उन्हं उतरल्यावर आवार रिकामं झालं. सोमवारी शाळा होती, फळा आत जायला हवा होता. दादाने फडकं ओलं केलं आणि वरून खाली, गिरणीत पुसायचा तसाच, पुसायला लागला. राठीजींचा कमरा नंबर 2 गेला, शिवणयंत्र गेलं. स्वतःच्या नावापाशी आल्यावर त्याचा हात थांबला. फडक्यातून पाणी गळत होतं.

जगन भिया बाक उचलून आत नेत होता. जाता जाता थांबला.

"पुसा न बाबू," तो म्हणाला. "उद्या मुलांची शाळा आहे. पुढच्या रविवारी परत लिहू."

दादाने नाव पुसलं. फळा पुन्हा सकाळसारखा काळाकुळीत झाला, आणि दोघांनी मिळून तो आत नेला.

मल्हारगंजला परतताना दादा सरळ रस्त्याने निघाला. नाका आला तेव्हा म्हणाला, "सुमे, तू आणि वहिनी पुढे व्हा." घरी वहिनीने काही विचारलं नाही. निळ्या गणवेशाला काजं करत बसली, आणि मधेच म्हणाली, "मोटार कशी बसवायची ते समजलं मला. आता गोदामाचं राहू दे." मला थोडा रागच आला, खोटं कशाला सांगू. इतकी खटपट करून जागा धरून ठेवली होती. दोन्ही कुटुंबं एका गावात, सणावाराला एकत्र, असं मी मनात पार मांडून टाकलं होतं.

सोमवारी दुपारच्या बसने निघाले. दादाने प्रवासासाठी शेव आणि जिरावनची पुडी दिली. पुण्याला पोहोचल्यावर दिरांना सांगितलं की ती जागा दुसऱ्या कोणाला द्या. ते विचारायला लागले की इंदुरात त्याला नोकरी लागली का. मी म्हटलं, नाही. मग तिथे काय आहे? मी शेव-जिरावनची पुडी त्यांच्यापुढे उघडली.

नंतर सगळं सोन्यासारखं झालं असं नाही. पुढच्या रविवारी वीसच माणसं आली, त्याच्या पुढच्या रविवारी जास्त. काहींना सांवेर रोडला काम लागलं, काहींना कधीच लागलं नाही, काही गाव सोडून गेले. जगन भिया राठीजींच्या त्या नव्या यंत्रावर पंधरा दिवस नुसता बघत उभा राहिला आणि सोळाव्या दिवशी ते त्याने चालवलं. दादा एका कारखान्यात हजेरी घ्यायला लागला. पत्रं येत राहिली, तशाच अक्षरात, आणि दर पत्रात एक ओळ असायची, रविवारी बोर्डावर काय काय लागलं त्याची.

मी त्यानंतर अशा पुष्कळ बैठका घेतल्या, आजही घेते. शिकाऊ मंडळी मला विचारतात की मॅडम, फळा फाटकात का ठेवत नाही, आणि सकाळी सगळे यायच्या आधी त्यावर तुम्ही तुमचं नाव का लिहून ठेवता, तो तर कोरा असायला हवा ना? मी त्यांना ही गोष्ट सांगते. मग लोक जमले की माझं नाव मी पुसते, आणि खडू जो सगळ्यात मागे उभा असेल त्याच्या हातात देते.